वेशीपर्यंत देश आला, वावरापर्यंत काय यायचं राहिलं?

धुरकरी

‘आपल्या देशात काय पाहिजे होतं आणि नाही’ असं विचारलं की बुलेट ट्रेन, मेट्रो, मोठमोठी स्टेडियमं अशी यादी निघते. यवतमाळ-वाशीमच्या कास्तकाराला त्यातलं काही कामाचं नाही. आपल्याकडे देश गावाच्या वेशीपर्यंत आलेला आहे. डांबरी रस्ता आहे, विजेचे खांब आहेत, १०८ ची गाडी येते. वेशीपासून वावरापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये मात्र यातलं काहीच नाही, आणि पोट तर तिथेच भरतं. म्हणून हा धागा तेवढ्या पट्ट्यापुरता.

अटी दोनच. आपबीती नको. आणि नुसतं ‘पाहिजे’ लिहू नका. कसं होईल, किती लागेल, कुठे फसतं ते लिहा. शिव्या द्यायच्या असतील तर पारावर द्या, तिथे ऐकणारे जास्त भेटतात.

माझ्याकडून पहिलं : बारमाही पांदण, म्हणजे वावरात जाणारी गाडीवाट.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली, पण ती वस्त्या जोडते. वावर म्हणजे वस्ती नव्हे, म्हणून पांदण तिच्यात बसत नाही. शिवाय ग्रामसडकेच्या कंत्राटात पाच वर्षांची देखभाल धरलेली असते. पांदणीला बांधणारा कसाबसा सापडतो, सांभाळणारा कोणीच नाही.

काळ्या मातीवर रस्ता टिकत नाही हे अर्धंच खरं. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. मुरूम थेट तिच्यावर टाकला तर पावसाळ्यात चाकाच्या दाबाने चिखल वर येतो आणि मुरूम खाली बसतो. दोन वर्षांत मुरूम कुठे गेला हे शोधायला खोदावं लागतं. म्हणून क्रम असा पाहिजे :

वरची १५-२० सेंटीमीटर माती गवत-मुळांसकट काढून टाकायची. खालची माती मधोमध उंच, कडेला उतरती करून दाबायची. तीन मीटर रुंदीला मध्य कडेपेक्षा ६ सेंटीमीटर तरी उंच पाहिजे. दाबताना मातीत ओल किती? मुठीत गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, इतकीच. त्यावर १० सेंटीमीटर चुरी किंवा रेती, म्हणजे चिखलाला वर यायला अडसर होतो. मग मुरमाचे १५-१५ सेंटीमीटरचे दोन थर, प्रत्येक थरावर पाणी मारून ८-१० टनी रोलर. दोन्ही थर एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर खालचा थर पोकळच राहतो, आणि बहुतेक ठिकाणी तेच होतं.

हिशेब : एक किलोमीटर लांब, तीन मीटर रुंद, ३० सेंटीमीटर सुटा मुरूम म्हणजे ९०० घनमीटर, साधारण ३१८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). चुरी आणखी १०६ ब्रास. हे आकडे ग्रामसभेत हातात ठेवा. ‘किलोमीटरला शंभर ट्रॉल्या टाकल्या’ असं कोणी म्हटलं की रस्ता किती जाडीचा झाला ते तिथेच निघतं.

आता सगळ्यात मोठी चूक. जेसीबी बाजूची नाली खोदतो आणि तीच काळी माती रस्त्यावर पसरवतो. काम झाल्यासारखं दिसतं, फोटोही छान येतो, आणि मृगाच्या पावसात त्याचाच चिखल होतो. नालीची माती धुऱ्यावर (बांधावर) गेली पाहिजे.

गावनकाशा

रस्ता बांधायच्या आधी तो आहे कुठे हे ठरलं पाहिजे. भांडण तिथूनच सुरू होतं.

गावनकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. साखळी ३३ फुटांची, म्हणून साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी. आज बहुतेक पांदणी जागेवर सात-आठ फूट उरल्या आहेत, बाकीची दोन्ही बाजूंच्या पऱ्हाटीखाली (कपाशीखाली) गेली.

अर्ज करताना लोक कलमं उलटी लावतात.
- रस्ता होता आणि कोणी अडवला : मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाखल व्हायला पाहिजे. ‘पेरणी होऊ द्या, मग पाहू’ म्हणत लोक ही मुदत घालवतात.
- रस्ता नव्हताच, धुऱ्यावरून नवा पाहिजे : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३.

कलम ५ चा अर्ज करून त्यात ‘नवा रस्ता मिळावा’ लिहिलं की अर्ज फेटाळला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून. सोबत गावनकाशाची प्रत, दोन्हीकडच्या गटांचे सातबारे आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडा. पाहणीच्या दिवशी अडवणूक तशीच ठेवा, पंचनाम्यात ती यायला पाहिजे.

कमी काय आहे ते सांगतो : पांदणींची नोंदवही. कोणत्या पांदणीची लांबी किती, शेवटचा मुरूम कधी पडला, नाली कुठे सुटते, हे कुठेच लिहिलेलं नसतं. २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायची सोय झाली. हे चांगलं झालं, पण ती नोंद हक्काची. रस्त्याच्या तब्येतीची कोण ठेवणार?

हजेरीपट

वर ३१८ ब्रासचा हिशेब आहे, पैसा त्यातच अडकतो. मनरेगाच्या नियमात मजुरीवर किमान ६० आणि सामानावर जास्तीत जास्त ४० टक्के. नाला खोलीकरण, शेततळं या कामात हे प्रमाण सहज बसतं. पांदणीत उलटं आहे : मुरूम, चुरी, पायल्या (पाणी जायचे सिमेंटचे पाइप), रोलर हा सगळा खर्च सामानाचा, हाताचं काम थोडं. मग हे प्रमाण बसवायला मातीकामच जास्त दाखवावं लागतं. म्हणजे काळी माती उकरून काळ्या मातीवर टाकायची. जेसीबीवाल्याची चूक तुम्ही सांगितली, तिचं मूळ कागदावर आहे.

वाट एक आहे. प्रमाण एकेका कामाला धरायचं नसून सगळ्या कामांच्या एकूण खर्चाला धरायचं असतं. गावात मजुरीची कामं भरपूर घेतली, वृक्षलागवड, बांधबंदिस्ती, तर पांदणीच्या सामानाला जागा मिळते. आराखडा करताना दोन्ही एकत्र मांडा.

बंडीबैल

चुना टाकून माती पक्की होते म्हंतात, ते खरं हाय का? आमच्याकडं मुरमाची खदान पस्तीस किलोमीटरवर हाय. भाडं मुरमापेक्षा जास्त होते.

धुरकरी

@बंडीबैल, खरं आहे, आणि तुमच्यासारख्या ठिकाणीच ते परवडतं. कोरड्या मातीच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना. एक किलोमीटर, तीन मीटर, १५ सेंटीमीटरचा थर धरला तर माती ४५० घनमीटर, म्हणजे पावणेसातशे टनांच्या आसपास. चार टक्क्यांनी २७ टन चुना.

फसतं ते ढेकळांत. काळ्या मातीची ढेकळं न फोडता चुना टाकला तर तो ढेकळाला बाहेरून लागतो, आत माती तशीच राहते. आधी रोटाव्हेटर दोन वेळा, मग चुना पसरायचा, पाणी, पुन्हा रोटाव्हेटर, एक रात्र मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी फिरवून रोलर. नंतर सात दिवस ओलं ठेवायचं आणि बंडी-ट्रॅक्टर बंद. काम एप्रिल-मेमध्येच. कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. चष्मा आणि हातमोजे नसतील तर मजूर लावू नका. आणि वारं सुटलं असेल त्या दिवशी पसरायचा नाही.

नाल्याला मिळणाऱ्या जागी दोन फुटी सिमेंटच्या पायल्या टाका. एक फुटी स्वस्त पडतात, पण तुरीच्या काड्या आणि गवत अडकून पहिल्याच पुरात तुंबतात, आणि पाणी रस्ता कापून जातं.

सोंगणी

माझी मागणी : गावात सामायिक ड्रायर.

सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघते आणि परतीचा पाऊसही तेव्हाच येतो. हमीभावाला ओल १२ टक्के धरतात (२०२५-२६ चा भाव ५,३२८ रुपये). मळणीयंत्रातून निघते ती बऱ्याचदा १६-१८ ला. वाळवायची कुठे? डांबरी रस्त्यावर. म्हणजे वेशीपर्यंतचा तोच रस्ता, जो गाड्यांसाठी होता.

व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात १९८० च्या दशकापासून भाताच्या तुसावर चालणारे फ्लॅटबेड ड्रायर गावोगाव आहेत. वस्तू काही अवघड नाही : विटांचा हौद, त्यात जमिनीपासून दोन फुटांवर भोकांचा पत्रा, खालून गरम हवा सोडणारा पंखा, बाजूला भट्टी.

एका वेळच्या २० क्विंटल मालाला दोन बाय तीन मीटरचा हौद पुरतो, थर दीड फूट. १८ वरून १२ वर आणायला क्विंटलमागे ६.८ किलो पाणी काढावं लागतं, २० क्विंटलला १३६ किलो. साध्या भट्टीची गळती धरून ९०-१०० किलो वाळलेली पऱ्हाटी लागेल. पऱ्हाटी आपल्याकडे धुऱ्यावर जाळतातच. पंखा ३ एचपीचा, वेळ पाच-सहा तास.

भट्टीचा धूर दाण्यात जाऊ द्यायचा नाही, म्हणून हवा नळ्यांतून तापवा. विकायच्या मालाला हवा ५५ अंशांच्या आत, बियाण्याला ४० च्या आत. बियाणं जास्त गरम झालं, किंवा हवा फार कोरडी असली तर टरफल तडकतं. दाणा डोळ्याला छान दिसतो आणि जूनमध्ये उगवत नाही. खालचा थर आधी वाळतो, म्हणून दर तासाला फावड्याने उलथापालथ. ओल मोजताना दाणा थंड होऊ द्या, गरम दाण्यावर मीटर चुकीचं दाखवतो. तीन जागांचा नमुना, तिन्ही वेगळे मोजा.

अडत_दुकान

हिशेब अर्धा राहिला. वाळवलं की वजन घटतं. १८ टक्क्यांचा १०० किलो माल १२ वर ९३.२ किलो भरतो. म्हणजे ओल्याला १०० रुपये मिळत असतील तर वाळवलेल्याला किमान १०७ रुपये ३० पैसे मिळाले पाहिजेत, तेव्हा कुठे बरोबरी. त्यात पऱ्हाटी तोडाई, पंख्याची वीज, हमाली आणखी. ओल्या-सुक्याच्या भावात एवढा फरक नसेल तर बाजाराच्या मालाला ड्रायर लावणं घाट्याचं.

ड्रायरचा खरा फायदा दोन ठिकाणी : हमीभाव केंद्रावर, जिथे ओलीवर माल परतच जातो, आणि घरच्या बियाण्यात. सोयाबीन हे सरळ वाण (संकरित नव्हे), घरचं बियाणं ठेवता येतं. ७० टक्के उगवण हवी, ती टिकवायला ड्रायर कामाचा. मळणीयंत्राचे फेरे मात्र कमी ठेवा, नाहीतर दाणा ड्रायरपर्यंत येण्याआधीच फुटलेला असतो.

सोंगणी

मान्य. म्हणून तर सामायिक म्हणतो. एकट्याचा ड्रायर वर्षात वीस दिवस चालेल, बाकी हौदात कोंबड्या बसतील. पण ओल्या मालाची गंजी तापून काळी पडते, तो घाटा तुमच्या १०७ मध्ये धरलेला नाही.

डीपी_जळाली

पंख्याला थ्री फेज कुठून आणणार? ऑक्टोबर म्हणजे हरभऱ्याच्या ओलिताची तयारी, रात्रपाळीची वीज.

इथे माझी मागणी जोडतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत कास्तकार १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा ५ टक्के, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्यावर साडेसात. ३ एचपीच्या पंपामागे साधारण ३,००० वॅटच्या पाट्या असतात. खरिपात पाऊस बरा असेल तर त्या पाट्या महिनोन्‌महिने नुसत्या ऊन खातात. त्यावर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, ड्रायरचा पंखा चालू शकतो. त्यासाठी युनिव्हर्सल कंट्रोलर येतो, केंद्राच्या कुसुम सौर पंप योजनेच्या नियमात त्याला जागाही आहे. वावरात बसवतात तो मात्र फक्त पंपाचा.

जुगाड करणाऱ्यांना सांगणं : पंपाच्या कंट्रोलरला दुसरी मोटर लावली की पाच वर्षांची दुरुस्तीची हमी हातची जाते. पंप डीसी असेल तर साधी थ्री फेज मोटर त्यावर चालणारच नाही. आणि ढग आला की कंट्रोलर मोटरचे फेरे कमी करतो. पंख्याचं गणित घनाचं आहे : पाट्यांची ताकद आठव्या हिश्श्यावर आली की फेरे अर्धे, हवाही अर्धी. म्हणून भट्टीची आच पंख्याकडे पाहून कमी-जास्त करावी लागते. हवा अर्धी आणि आच पूर्ण, तर बियाणं भाजलं समजा.

औषधपेटी

ड्रायर, पांदण ठीक. पण जुलै ते ऑक्टोबर वावरात साप चावतो, त्याचं काय? देशात नाही अशी वस्तू सांगतो : कोणता साप चावला हे रक्तावरून किंवा जखमेवरून पंधरा-वीस मिनिटांत सांगणारी चाचणी. ऑस्ट्रेलियाने तिथल्या सापांसाठी अशी पेटी केली. आपल्याकडे लस (विष उतरवणारं इंजेक्शन) एकच, चार सापांवर मिळून : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मेळघाट-गडचिरोलीच्या जंगलातल्या चापड्यावर ती चालत नाही.

तोवर प्राथमिक आरोग्य केंद्रात जी चाचणी करतात ती काचेच्या नळीची. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत शिरेचं ताजं रक्त २ मिली, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदा तिरपं करायचं. पातळच राहिलं तर विष रक्तावर चाललं आहे, बहुधा घोणस किंवा फुरसं. ही चाचणी बिघडते ती नळीमुळे. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या काचेत चांगलं रक्तही गोठत नाही, आणि नको तिथे लस जाते. नळी नवी, कोरडी, काचेचीच. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, तीच केंद्रात नसते.

दुसरा धोका उलटा. मण्यार चावली तर रक्त व्यवस्थित गोठतं. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. नळीवर भरवसा ठेवून ‘बिनविषारी’ म्हणून घरी पाठवलं तर श्वास बंद पडतो. म्हणून चाचणी परत परत करायची आणि रुग्ण २४ तास नजरेखाली.

विषबाधा दिसली की लशीच्या १० कुप्या, लहान मुलालाही तेवढ्याच. साप मुलाकडे पाहून कमी विष सोडत नाही. प्रत्येक कुपी १० मिली पाण्यात हळू फिरवून विरघळवायची, झटकली तर फेस होतो. मग सलाईनमधून तासाभरात. आधी चाचणीचा डोस द्यायचा नाही, त्यातून काही कळत नाही. रिअॅक्शनसाठी अॅड्रेनालिन भरून बाजूला तयार पाहिजे. सहा तासांनी रक्त अजून पातळ असेल तर पुन्हा लस. नागाच्या विषावर अॅट्रोपिनसोबत निओस्टिग्मिन लवकर गुण दाखवतं, मण्यारीत बहुधा नाही; तिथे अंबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास देत मोठा दवाखाना गाठायचा. पावडरच्या कुपीला फ्रिज लागत नाही, त्यामुळे ‘लाईट नव्हती म्हणून लस ठेवली नाही’ हे कारण चालत नाही.

हे सगळं डॉक्टरांचं काम. वावरातल्यांचं काम इतकंच : दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, साप शोधत बसू नका. चावलेला हात किंवा पाय काडीचा आधार देऊन स्थिर ठेवा, चावल्याची वेळ लिहा, निघा.

गावनकाशा

आणि १०८ ला पत्ता काय सांगता? ‘मोठ्या निंबापासून डावीकडं’?

डाक विभागाने मे २०२५ मध्ये डिजिपिन काढला. देशाच्या प्रत्येक साधारण चार बाय चार मीटरच्या चौकटीला दहा खुणांचा कोड. शून्य, एक, ओ, आय असली गोंधळाची अक्षरं त्यात ठेवलेलीच नाहीत, त्यामुळे फोनवर सांगायला सोपा. पाहिजे ते एवढंच : प्रत्येक डीपीवर (विजेच्या रोहित्रावर), विहिरीच्या कठड्यावर आणि पांदण जिथे डांबरी रस्त्याला लागते तिथे गट नंबर, डिजिपिन आणि अक्षांश-रेखांश ऑइलपेंटने रंगवायचे. ऑपरेटरला कोड समजला नाही तर अक्षांश-रेखांश सांगा. मोबाइलचा जीपीएस रेंज नसताना चालतो, पण झाडाखाली पाच-दहा मीटरने चुकतो, म्हणून नोंद उघड्यावर उभं राहून घ्या.

बंडीबैल

थे सगळं ठीक हाय जी. पन साप चावला ऑगस्टात, अन् पांदणीत गुडघाभर गारा, म्हंजे चिखल. १०८ फाट्यावरच उभी रायते. तं पयले पांदणच ना? आता पावसात काय करता येते थे सांगा, मार्च लय दूर हाय.

धुरकरी

@बंडीबैल, आत्ता मुरूम टाकू नका, वाया जाईल. आत्ता खुंट्या मारा. मोठा पाऊस थांबल्यावर दोन तासांनी पांदणीवरून चालत जा. जिथे पाणी साचलं तिथे धुऱ्याला लाल खुंटी, जिथे ते आडवं ओलांडून जातं तिथे पांढरी. पाणी कोणत्या वावरातून येतं आणि कुठे जायला पाहतं ते वहीत, मोबाइलच्या नकाशावर खूण करून. तीन-चार पावसांत सारखी येणारी जागा म्हणजे पायलीची जागा. उन्हाळ्यात इंजिनिअर येतो तेव्हा सगळं सपाट आणि कोरडं दिसतं, तो पायली कागद पाहून टाकतो आणि पाणी पन्नास फुटांवरून जातं. खुंट्या निंबाच्या मारा, बाभळीच्या चुलीत जातात.

बंडीबैल

निंबाच्याबी जातात भाऊ. लोखंडी सळई ठोकतो.

हजेरीपट

सळई तर रात्रीतून भंगारात जाईल. धुऱ्यावरच्या दगडाला रंग मारा.